चिविता दि बान्योरेज्जो: कड्यावरचं गाव पायी कसं पाहावं

रोमच्या उत्तरेला, लात्सिओ प्रांतात, एत्रुस्कन (रोमनांच्या आधीच्या) लोकांनी सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी वसवलेलं चिविता हे गाव. कायमची वस्ती आता जेमतेम मूठभर उरली आहे. गाव टोकापासून टोकापर्यंत दहा मिनिटांत संपतं, म्हणून बरेच जण चौकात कॉफी पिऊन परत फिरतात आणि नेमकं पाहण्यासारखं राहून जातं. हाताशी तीन तास ठेवा.

रोम–फ्लॉरेन्स रेल्वेमार्गावर ओर्व्हिएतोला उतरून चिविताशेजारच्या बान्योरेज्जो गावाची बस पकडायची. रविवारी ही बस नसते आणि सगळ्यात जास्त फजिती इथेच होते. इतर दिवशीही फेऱ्या मोजक्याच. परतीचं तिकीट जातानाच काढा आणि थांब्यावरच्या वेळापत्रकाचा फोटो घेऊन ठेवा. बान्योरेज्जोच्या बसथांब्यापासून चिविताला नेणाऱ्या पुलापर्यंत साधारण दोन किलोमीटर चालणं आहे.

पुलाकडे उतरण्याआधी बेल्वेदेरेच्या सज्जावर थांबा. गावाचं सगळं दुखणं इथून एका नजरेत कळतं. वर तपकिरी, ताठ कडा दिसतो तो ज्वालामुखीच्या राखेचा टफ दगड. त्याखालची करडी उतरंड म्हणजे जुन्या समुद्रतळाची चिकणमाती. पाऊस आणि ओढे ही माती धुऊन नेतात. खालचा आधार गेला की वरच्या दगडाला उभ्या भेगा पडतात आणि कडेचा तुकडा घरांसकट दरीत जातो. आजूबाजूच्या धारदार सोंडा त्याच झिजेतून कोरल्या गेल्या आहेत. 1695 च्या भूकंपाने ही पडझड वाढवली आणि लोक बान्योरेज्जोकडे सरकले.

आजचा पादचारी पूल 1965 चा, सुमारे 300 मीटर लांब. 2013 पासून गावात जायला शुल्क आहे, तिकीट घेऊनच पुलावर पाऊल टाका. शेवटचा टप्पा चांगलाच चढाचा आहे. गड चढणाऱ्याला तो काहीच नाही. पण सावली अजिबात नाही, म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये भर दुपार टाळा आणि पाणी सोबत घ्या. गुळगुळीत तळव्याच्या चपला नकोत, पाऊस पडला की घसरायला होतं.

सांता मारिया वेशीत मान वर करा: पंजांत माणसाचं मुंडकं दाबून धरलेले दगडी सिंह दिसतील. ओर्व्हिएतोच्या मोनाल्देस्की घराण्याविरुद्धच्या उठावाची ही खूण मानतात. आत गेल्यावर एका वाड्याची दर्शनी भिंत नीट पाहा. खिडक्यांमागे खोल्या नाहीत, नुसतं आभाळ आहे. बाकीचा वाडा दरीत गेला.

सान दोनातो चर्चपुढचा चौक अजूनही मातीचाच आहे आणि वर्षातून दोनदा, जून व सप्टेंबरमध्ये, तिथे गाढवांची शर्यत होते. चर्चजवळ प्राचीन खांबांचे बुंधे उभे आहेत. पालात्सो अलेमान्नीमधलं भूस्खलनाचं संग्रहालय चुकवू नका. डोंगर खिळे आणि सळ्या ठोकून कसा बांधून ठेवतात ते तिथे समजतं.

मग मात्र चौकात रेंगाळू नका. मुख्य गल्लीने पार पलीकडच्या टोकाला जा. तिथे गर्दी विरळ होते, वाट उताराला लागते आणि कड्याच्या पोटातून खोदलेला बुकायोने हा एत्रुस्कन बोगदा लागतो. कठडा नसलेल्या कडेजवळ जाऊ नका, वरून घट्ट वाटणारा दगड खालून पोकळ झालेला असतो.

गाव बेल्वेदेरेच्या पूर्वेला असल्यामुळे सकाळी तिथून फोटो काढला तर सूर्य समोरून येतो आणि कडा काळा पडतो. फोटो परतताना, दुपार कलल्यावर काढा.