क्लाउडवरच्या मशिनवर जँगो उभारताना : कोकणातून काम सुरू करणाऱ्यांसाठी

रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांत आता आंबा बागायतदाराला पेट्यांच्या आगाऊ नोंदणीसाठी, गुहागर-तारकर्लीकडच्या होमस्टेवाल्याला खोल्यांच्या बुकिंगसाठी स्वतःची वेबसाइट हवी असते, आणि ती करून देणारी मुले बहुधा याच भागात शिकलेली असतात. अशा मुलांबरोबर मी काम करतो. त्यांना पायथन चांगले येते, जँगो या पायथनच्या वेब फ्रेमवर्कमध्ये मॉडेल आणि व्ह्यू लिहिता येतात, लॅपटॉपवर सगळे चालवूनही दाखवता येते. घोडे अडते ते त्याच्या पुढे, म्हणजे तोच प्रकल्प क्लाउडवरच्या व्हर्च्युअल मशिनवर नेऊन चोवीस तास चालता ठेवण्यापाशी. मुलाखतीतही नेमके याच टप्प्याबद्दल खोदून विचारतात, म्हणून हे काम एकदा तरी स्वतःच्या हाताने, तयार बटणे न दाबता, करून पाहावे असे मी प्रत्येकाला सांगतो.

जँगोच का, तर त्यातल्या ॲडमिन पॅनेलमुळे. हे फ्रेमवर्क अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातील एका वृत्तपत्राच्या वेब विभागात तयार झाले आणि 2005 साली सर्वांसाठी खुले झाले. बातमीदारांना प्रोग्रामरच्या मदतीशिवाय मजकूर भरता यावा ही तिथली गरज होती. आपल्या बागायतदारालाही डझनाचा भाव रोज बदलायचा असतो, आणि त्यासाठी त्याने दरवेळी आपल्याला फोन करावा असे कोणालाच वाटत नाही.

माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे. मशिन, फायरवॉल, पायथन, डेटाबेस, गुनिकॉर्न (जँगो चालवणारा सर्व्हर), एन्जिनएक्स (त्याच्या पुढे उभा राहणारा वेब सर्व्हर), एचटीटीपीएसचे प्रमाणपत्र हे सगळे थर आहेत. एक थर बसवावा, तो चालतो याची खात्री करावी आणि मगच पुढच्याला हात घालावा. वीस कमांड एका दमात चिकटवून शेवटी ब्राउझर उघडणाऱ्याला काहीतरी बिघडल्याचे कळते, पण कुठे बिघडले ते कळत नाही.

मशिन निवडण्यात फार वेळ घालवू नये. ॲमेझॉन आणि गूगल या दोघांचीही डेटा सेंटर मुंबईत आहेत, ग्राहकही बहुतेक मुंबई-पुण्याचे, तेव्हा तोच विभाग निवडावा. एक गीगाबाइट मेमरीचे मशिन सुरुवातीला पुरते. मात्र त्यावर एक-दोन गीगाबाइटची स्वॅप फाइल, म्हणजे मेमरी कमी पडल्यास वापरायची डिस्कवरची जागा, करून ठेवावी, नाहीतर एखादे पॅकेज बसवताना मेमरी संपते आणि प्रक्रिया मध्येच मारली जाते. ऑपरेटिंग सिस्टिम म्हणून उबुंटूची दीर्घ मुदतीची आवृत्ती घ्यावी. पुढचे सगळे मी 24.04 धरून सांगत आहे.

दूरच्या मशिनमध्ये सुरक्षितपणे शिरण्याचे साधन म्हणजे एसएसएच. त्यातून शिरायचे ते किल्लीने, पासवर्डने नव्हे. खाजगी किल्लीची फाइल फक्त आपल्यालाच वाचता येईल अशी परवानगी तिला द्यावी लागते, अन्यथा एसएसएच ती वापरायलाच नकार देतो. इथे कोकणातल्या माणसासाठी एक खास सूचना आहे. पावसाळ्यात वीज जाते, वीज गेली की राउटर बंद पडतो आणि अपडेट चालू असतानाच जोडणी तुटते. मशिन मुंबईत सुखरूप असते, पण आपल्या टर्मिनलबरोबर त्यात चाललेले कामही अर्धवट राहू शकते, आणि मग पॅकेज बसवण्याची यंत्रणा पुढे काही करू देत नाही. म्हणून आत गेल्यावर पहिल्यांदा टीमक्स (टर्मिनलचे सत्र मशिनवरच जिवंत ठेवणारे साधन) सुरू करावे आणि सगळे काम त्यातच करावे. जोडणी तुटली तरी टीमक्समधले सत्र मशिनवर चालूच राहते. मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून परत शिरून त्याला जोडून घेतले की काम जिथे होते तिथेच दिसते.

फायरवॉलबद्दल थोडे सविस्तर, कारण नवख्यांचा सर्वाधिक वेळ इथे जातो. फायरवॉल दोन असू शकतात: एक मशिनच्या आत, म्हणजे यूएफडब्ल्यू, आणि दुसरा क्लाउड कंपनीच्या पॅनेलवर. दोन्हीकडे परवानगी असेल तरच बाहेरची विनंती आत येते. यूएफडब्ल्यू चालू करण्याआधी त्यात एसएसएचचे 22 क्रमांकाचे पोर्ट, म्हणजे मशिनमध्ये शिरण्याचे क्रमांकित दार, उघडावे, नाहीतर पुढच्या वेळी आपल्यालाच आत शिरता येणार नाही. बाहेरच्या जगासाठी 80 आणि 443 एवढीच पोर्ट उघडी असावीत. पोस्टग्रेस या डेटाबेसचे 5432 बाहेर उघडण्याचे काहीच कारण नाही. डेटाबेस त्याच मशिनवर असेल तर जँगो त्याच्याशी आतल्या आत बोलतो. ब्राउझर बराच वेळ नुसताच फिरत राहून शेवटी हार मानत असेल, तर बहुधा विनंती कुठल्यातरी फायरवॉलमध्ये गिळली जात आहे. जोडणी नाकारल्याचा संदेश चटकन येत असेल, तर विनंती मशिनपर्यंत पोचते आहे, पण त्या पोर्टवर ऐकणारे कोणी नाही. हा फरक ध्यानात ठेवला की अर्धी शोधाशोध वाचते.

पायथन 3.12 या उबुंटूबरोबरच येते, पण त्यात पिप या पॅकेज बसवण्याच्या साधनाने थेट काही बसवू गेल्यास ते अडवले जाते. हे योग्यच आहे, कारण सिस्टिमची स्वतःची साधने त्याच पायथनवर चालतात. ही अडवणूक मोडून काढणारा एक पर्याय इंटरनेटवर जागोजागी दिलेला सापडतो. तो वापरू नये. प्रकल्पासाठी वेगळे व्हर्च्युअल एन्व्हायरन्मेंट, म्हणजे पॅकेजांची स्वतंत्र जागा, करावे आणि जँगो, गुनिकॉर्न वगैरे सगळे त्यातच बसवावे.

लॅपटॉपवर आपण जो रनसर्व्हर वापरतो तो विकासापुरता आहे, आणि तो प्रत्यक्ष वापरासाठी ठेवू नये असे जँगोच्या अधिकृत दस्तऐवजातच बजावलेले आहे. त्याच्या जागी गुनिकॉर्न येतो. तो किती वर्करने (एकाच वेळी विनंत्या हाताळणाऱ्या प्रक्रियांनी) चालवावा याचा प्रचलित आडाखा प्रोसेसर गाभ्यांची दुप्पट अधिक एक असा आहे, म्हणजे एका गाभ्याच्या मशिनवर तीन. सर्व्हिस वगैरे लिहिण्याच्या फंदात न पडता आधी तो हाताने 8000 पोर्टवर, फक्त आतल्या पत्त्यावर चालवावा आणि दुसऱ्या खिडकीतून त्याच मशिनवर कर्ल या कमांडने विनंती पाठवून पाहावी. उत्तरात 400 क्रमांकाची एरर आली की पुष्कळ जण खचतात. वास्तविक ती बरी बातमी असते: गुनिकॉर्न चालू आहे, जँगो चालू आहे, आणि अलाउड होस्ट्सच्या, म्हणजे परवानगी असलेल्या पत्त्यांच्या, यादीत तो पत्ता नसल्यामुळे जँगोने विनंती नाकारली आहे.

हे जमले की सिस्टिमडीची (उबुंटूमध्ये सर्व्हिस चालवणाऱ्या यंत्रणेची) सर्व्हिस लिहावी, म्हणजे गुनिकॉर्न कोसळला तर आपोआप उठेल आणि मशिन रीस्टार्ट झाले तरी आपल्याला जागे राहावे लागणार नाही. सर्व्हिस आपल्या शेलच्या फाइली वाचत नाही, हे इथे विसरले जाते. सीक्रेट की आणि डेटाबेसचा पासवर्ड आपण टर्मिनलमध्ये एक्सपोर्ट केलेला असतो, त्यामुळे हाताने चालवलेले चालते आणि सर्व्हिस मात्र पडते. ही मूल्ये वेगळ्या फाइलीत ठेवून त्या फाइलीचा मार्ग सर्व्हिसला द्यावा, आणि ती फाइल गिटमध्ये कधीही जाऊ देऊ नये.

एन्जिनएक्स सर्वांत पुढे उभा राहतो: स्टॅटिक फाइली स्वतः देतो आणि बाकीच्या विनंत्या गुनिकॉर्नकडे धाडतो. ब्राउझरमध्ये 502 दिसले तर एन्जिनएक्स ठीक आहे आणि त्याला मागे गुनिकॉर्न सापडत नाही, एवढे समजून जर्नलसीटीएल या कमांडने सर्व्हिसचा लॉग वाचावा. दुसरा हमखास प्रकार म्हणजे पान उघडते, पण रंग-रूप काहीच नाही, नुसता उघडाबोडका मजकूर. स्टॅटिक फाइली एका जागी गोळा करणारी कलेक्टस्टॅटिक ही कमांड चालवलेली असते, फाइली जागेवर असतात, एन्जिनएक्समधला मार्गही बरोबर असतो, तरी प्रत्येक सीएसएस फाइलीला 403, म्हणजे परवानगी नाही असे, येते. कारण असे की उबुंटूने 21.04 पासून नव्या वापरकर्त्याची होम डिरेक्टरी इतरांसाठी बंद केली, आणि एन्जिनएक्स हा वेगळा वापरकर्ता असल्यामुळे त्याला होममधून आत जाताच येत नाही. होम डिरेक्टरी सर्वांना खुली करण्यापेक्षा स्टॅटिक फाइली /var/www खालच्या स्वतंत्र डिरेक्टरीत गोळा कराव्यात.

डोमेनची ए नोंद (नाव कोणत्या आयपी पत्त्याकडे जाते हे सांगणारी) मशिनच्या पत्त्याकडे वळली आहे याची खात्री झाल्यावरच एचटीटीपीएसचे प्रमाणपत्र मागवणारा सर्टबॉट चालवावा, कारण प्रमाणपत्र देणारी संस्था लेट्स एन्क्रिप्ट त्या डोमेनवर 80 पोर्टने येऊन पडताळणी करते. मिळणारे प्रमाणपत्र 90 दिवसांचे असते. त्याचे नूतनीकरण आपोआप होते, तरी ड्राय-रन (प्रत्यक्ष बदल न करता चाचणी) करून ते खरोखर होईल का हे त्याच दिवशी पाहावे. एचटीटीपीएस आल्यावर एक नवी तक्रार उद्भवू शकते: ॲडमिनमध्ये लॉगिन करताना सीएसआरएफ पडताळणी, म्हणजे फॉर्म आपल्याच वेबसाइटवरून आला आहे ना याची तपासणी, फसते. मूळ विनंती एचटीटीपीएसने आली होती हे एन्जिनएक्सने जँगोला हेडरमधून कळवलेले नसते, किंवा त्या हेडरवर विश्वास ठेवण्याची सेटिंग जँगोत केलेली नसते. ती जोडी पुरी करावी. सीएसआरएफची तपासणीच काढून टाकणे हा उपाय नव्हे. आणि तो सुचवणारी उत्तरे पुष्कळ मिळतात.

मृगाच्या आधी आपण घर शाकारून घेतो, तसे वेबसाइट लोकांसमोर ठेवण्याआधी जँगोचीच डिप्लॉय तपासणी चालवावी. डीबग चालू राहिले असेल, कुकी असुरक्षित असतील, सीक्रेट की कच्ची असेल, तर ती एकेक इशारा देते. प्रत्येक इशारा मुकाट्याने पाळायलाच हवा असे नाही, पण तो का पाळला नाही हे आपल्याला सांगता आले पाहिजे.

वेळेकडेही लक्ष द्यावे. मशिनचे घड्याळ सहसा यूटीसीवर (भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेवर) असते आणि नव्या जँगो प्रकल्पाच्या सेटिंग्जमध्येही यूटीसीच लिहिलेले असते. ते एशिया-कोलकाता केले नाही, तर मुंबईहून रात्री एक वाजता नोंदवलेले बुकिंग आदल्या दिवसाच्या तारखेवर पडू शकते. ठरलेल्या वेळी कामे चालवणाऱ्या क्रॉनला रात्री दोनचा बॅकअप सांगितला असेल, तर तो आपल्या सकाळी साडेसातला सुरू होतो, म्हणजे नेमका होमस्टेवाला दिवसभराची बुकिंगे बघायला बसतो तेव्हा. याच अंगाची आणखी एक खोड म्हणजे मराठी नावे. फोटोच्या फाइलीचे नाव ‘हापूस’ असे देवनागरीत असेल, तर जँगो ते स्वच्छ करताना काना आणि उकार गाळून ‘हपस’ करून ठेवतो. फाइलींना आपणच क्रमांकाची नावे द्यावीत, हे सोपे पडते.

बॅकअप पीजी-डंप या पोस्टग्रेसच्या साधनाने घ्यावा आणि त्याची प्रत मशिनबाहेर न्यावी. महिन्यातून एकदा तो रिकाम्या डेटाबेसमध्ये उतरवून नोंदी मोजाव्यात.

शेवटी खर्चाचे. आंब्याची वेबसाइट मार्च ते मे धावते आणि मग जवळजवळ झोपते, त्यामुळे हंगामात मोठे मशिन आणि नंतर लहान, असा बदल करणे परवडते. मात्र ॲमेझॉनवर मशिन थांबवून परत सुरू केले की त्याचा सार्वजनिक पत्ता बदलतो आणि डोमेन भलत्याच ठिकाणी बोट दाखवत राहते. म्हणून स्थिर पत्ता आधीच जोडून घ्यावा. मशिन बंद ठेवले तरी डिस्कचे भाडे चालूच राहते, आणि फेब्रुवारी 2024 पासून सार्वजनिक आयपीव्ही4 पत्त्यालाही ॲमेझॉन तासाप्रमाणे पैसे लावते. डिजिटल ओशन या दुसऱ्या क्लाउड कंपनीकडे तर बंद केलेल्या मशिनचेही पूर्ण बिल येते, तिथे मशिनची प्रतिमा (स्नॅपशॉट) काढून ठेवून मशिन नष्टच करावे लागते. हा हिशेब बागायतदाराला काम घेण्यापूर्वी कागदावर मांडून दाखवावा, आणि क्लाउडचे खाते व डोमेन त्याच्याच नावावर काढावे.