कोकणात गेल्यावर आधी ओहोटीची वेळ विचारा
लातूर-परभणीहून रात्रभर गाडी हाणत आपण गणपतीपुळ्याला पोचतो, बॅगा टाकतो आणि भर उन्हात पाण्याकडे धावतो. आराम राहतो बाजूला, घरी येतो ते दमूनच.

उतरल्या उतरल्या घरमालकाला एवढंच विचारा, "आज ओहोटी किती वाजता?" ओहोटीला ओली, घट्ट वाळू मोकळी होते, अनवाणी फिरायला झकास. सकाळी ७ ला असेल तर पुढची संध्याकाळी साडेसातच्या सुमारास. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेत साधारण ५० मिनिटं मिळवायची, पुन्हा विचारायला नको. दुपार झोपेची. आपल्याला उन्हाची सवय आहे खरी, पण तिथल्या दमट हवेत ती कामी येत नाही.

गणपतीपुळ्याचा समुद्र पोहायला धोक्याचा, पाय भिजवण्यावरच भागवा.