मेमरी चिपच्या पेटंटवर काम सुरू करताय? आधी तारखा नीट वाचा

इलेक्ट्रॉनिक्स शिकून पेटंट खटल्यांच्या कामात येणाऱ्याला वाटतं, डीरॅम (संगणकाची मुख्य मेमरी चिप) आपल्याला कळतो, मग कागद वाचणं काय अवघड? तांत्रिक बाजू खरंच जमते. घोटाळा होतो तो तारखांत. मीही तिथेच अडकलो होतो, म्हणून तेवढंच सविस्तर लिहितो.

रॅम्बस या मेमरी तंत्रज्ञानाच्या अमेरिकी कंपनीची प्रकरणं अभ्यासाला घ्या. तिचे संस्थापक फार्मवाल्ड आणि होरोविट्झ यांचा मूळ पेटंट अर्ज १८ एप्रिल १९९० चा. मेमरीची मानकं ठरवणाऱ्या जेडेक या उद्योगसंस्थेचं एसडीरॅम (घड्याळाच्या ठोक्यावर चालणारा डीरॅम) मानक १९९३ चं. इन्फिनिऑन या जर्मन चिप कंपनीवर रॅम्बसने २००० साली ज्या पेटंटांवरून खटला भरला, त्यांच्या पहिल्या पानावर २२ या आकड्यापुढची दाखल तारीख मात्र मानकानंतरची. नवखा माणूस लगेच खूश होतो: मानक आधीचं, म्हणजे तेच प्रायर आर्ट (आधीपासून माहीत असलेलं तंत्रज्ञान), पेटंट उडालं.

नाही उडत.

मूळ अर्जात अनेक शोध एकत्र होते, त्यामुळे अमेरिकी पेटंट ऑफिसने तो विभागायला लावला. त्यातून डिव्हिजनल (वेगळे काढलेले अर्ज) निघाले, पुढे कंटिन्युएशन (त्याच मजकुरावर पुढे चालवलेले अर्ज). अशा अर्जाच्या स्पेसिफिकेशनमध्ये (शोधाच्या वर्णनात) नवीन काही घालता येत नाही, पण क्लेम (हक्काची नेमकी व्याप्ती सांगणारी वाक्यं) नव्याने लिहिता येतात. त्या क्लेमना मूळ मजकुराचा आधार असेल, तर तारीख १९९० चीच मिळते. म्हणजे बाजारात आलेलं मानक समोर ठेवून त्यावर बसतील असे क्लेम नंतर लिहिता येतात, आणि कायद्याला ते चालतं. त्यात २००० च्या नोव्हेंबरपर्यंत दाखल झालेले अमेरिकी अर्ज मंजुरीपर्यंत गुप्त राहायचे. रॅम्बस १९९६ पर्यंत जेडेकची सदस्य होती आणि बाकीच्यांना हे अर्ज दिसत नव्हते. सगळं भांडण इथून पेटलं.

म्हणून प्रत्येक पेटंटची वंशावळ हाताने काढा. पालक अर्ज कोणता, तो कधी मंजूर झाला की सोडून दिला, आणि पुढचा अर्ज त्याच्या आधी दाखल झाला होता का? मधली एक कडी तुटली तर जुनी तारीख गेली. खटला फिरवणारा मुद्दा कधीकधी एवढाच असतो. डेटाबेसमधल्या तयार आकृतीवर विसंबू नका. तयार क्लेम चार्टचा (क्लेम आणि उत्पादन ताडून पाहण्याच्या तक्त्याचा) साचा हातात देऊन निघून जाणारा सीनियरही फारसा कामाचा नाही. फाइल हिस्टरी (अर्जाबाबत पेटंट ऑफिसशी झालेला सगळा पत्रव्यवहार) घेऊन शेजारी बसणारा शोधा, मग तो कितीही खडूस असो.

दुसरी गोष्ट थोडक्यात. आरडीरॅम (रॅम्बसच्या रचनेची मेमरी) आणि डीडीआर (एसडीरॅमची पुढची पिढी) बाजारात एकमेकांचे स्पर्धक होते. पुढे डीडीआरने बाजार जिंकला. तरी प्रोग्रॅमेबल लेटन्सी (डेटा मिळण्याआधीचा विलंब ठरवता येणं), घड्याळाच्या दोन्ही कडांवर डेटा आणि चिपवरचा डीएलएल (डेटाची वेळ घड्याळाशी जुळवणारं सर्किट) यांवर रॅम्बसने पेटंटचा हक्क सांगितलाच. ‘हे पेटंट आरडीरॅमचं, आपली चिप डीडीआर’ असं अहवालात लिहाल तर तो परत येईल. चिप क्लेमशी ताडायची असते, उत्पादनाच्या नावाशी नाही.

सुरुवातीचे महिने डोकं गरगरतं, घाबरू नका. निकालही इथे उलटसुलट लागतात: इन्फिनिऑन खटल्यात २००१ मध्ये ज्यूरीने रॅम्बसला फसवणुकीसाठी दोषी धरलं, २००३ मध्ये फेडरल सर्किटने (पेटंट खटल्यांच्या अमेरिकी अपील न्यायालयाने) ते फिरवलं. एफटीसी या अमेरिकी स्पर्धा नियामकाचा रॅम्बसविरुद्धचा २००६ चा निर्णय डीसी सर्किट या दुसऱ्या अपील न्यायालयाने २००८ मध्ये रद्द केला. मुरलेल्यांचंही एकमत होत नाही, तर तुम्हाला पहिल्या वाचनात सगळं कसं उमजेल? २००३ चा निकाल मिळवा, बहुमताचा भाग वाचा, आणि त्याच बैठकीत न्यायाधीश प्रोस्ट यांचं अंशतः विरोधी मत. शेजारी कागदावर १९९०, १९९३, १९९६ आणि २००० मांडून ठेवा.