लिंक चालू, पुस्तक गायब
आमच्या ग्रंथालयाच्या कॅटलॉगमधल्या ई-पुस्तकांच्या लिंक तपासणारा प्रोग्राम दर महिन्याला 'सगळं ठीक' म्हणायचा, आणि वाचक मात्र पुस्तक उघडत नाही म्हणून तक्रार करायचे. शेवटी कळलं, की एका प्रकाशकाचा सर्व्हर हरवलेल्या पानासाठीही ४०४ ('पान सापडलं नाही') ऐवजी २०० ('पान मिळालं') हाच कोड पाठवतोय. प्रोग्राम बिचारा कोड पाहून मोकळा! मग उघडलेल्या पानावर पुस्तकाचं शीर्षक आहे का, हेही त्याला तपासायला लावलं. मेलेल्या लिंकचा ढीगच निघाला.

ज्या पुस्तकांना डीओआय (वेबवरचा पत्ता बदलला तरी न बदलणारा ओळख-क्रमांक) होता, त्यांच्या मार्क २१ (ग्रंथालयांच्या संगणकीय नोंदींचा प्रमाण नमुना) नोंदीत लिंकसाठीच्या ८५६ क्षेत्रात थेट पत्त्याऐवजी डीओआयची लिंक घातली. आता पत्ता बदलला, तर तो डीओआयपाशी अद्ययावत करणं प्रकाशकाचं काम. आमची नोंद तशीच राहते. बाकीच्या पुस्तकांच्या नव्या लिंक हाताने शोधल्या. कंटाळवाणं काम, पण इलाज नव्हता.