पारसिकच्या डोंगराच्या पायथ्याशी फ्लॅट बघताना

सॅम्पल फ्लॅट नंतर बघा. आधी इमारतीच्या मागे जा, तेही भर जुलैत. साइटवर आयुष्य गेलेल्या माणसाचं ऐका.

डोंगर कापून बांधलेल्या संरक्षक भिंतीत पाणी निघायला भोकं ठेवलेली असतात. पावसात ती वाहायलाच हवीत. कोरडी असतील तर तुंबलीत, म्हणजे पाण्याचा सगळा दाब भिंतीवर. गढूळ पाणी येत असेल तर मागची माती निघून चाललीय. भिंतीला पोट आलंय का, तेही बघा. मग वर नजर टाका: उताराला आडव्या भेगा, कललेली झाडं, कोणी ओतलेला राडारोडा. काळा पाषाण सहसा घट्ट असतो, घसरतो तो त्यावरचा मुरूम-मातीचा थर. भिंतीला रंग नवा असेल तर मी जास्तच संशय घेतो!

भूकंपाचं थोडक्यात. आयएस १८९३, म्हणजे भूकंपाला टिकणाऱ्या बांधकामाचं भारतीय मानक, त्याच्या २०१६ च्या आवृत्तीत ठाणे झोन ३ मध्ये, म्हणजे मध्यम धोक्याच्या पट्ट्यात आहे. खाली नुसते खांब आणि पार्किंग असेल, तर त्या मजल्याचं डिझाइन स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. खांबांच्या उभ्या सळ्यांभोवतीच्या रिंगांची टोकं (हूक) १३५ अंशांत आत वळवलीत का, हे बांधकाम चालू असतानाच दिसतं. वाशी-ऐरोलीला खाडीलगत भरावावर इमारत असेल तर बोअरचा, म्हणजे जमिनीत खोल भोक पाडून केलेल्या तपासणीचा अहवाल मागा आणि पाइल (पायाचे खोल खांब) खडकापर्यंत गेलेत का ते विचारा.