गोल्फ क्लबचा शाफ्ट घरी बदलताना: आधी तराजू, मग हीट गन

शाफ्ट, म्हणजे क्लबची दांडी, काढून दुसरा चिकटवणं फारसं अवघड नाही. तो बदलल्यावर क्लब हाताला पूर्वीसारखा वाटणं, हे खरं काम. १२० ग्रॅमचा स्टील शाफ्ट काढून ८० ग्रॅमचा ग्रॅफाइट घातला की स्विंगवेट (क्लब फिरवताना हेडकडे जाणवणाऱ्या भाराचं माप) चारेक अंकांनी उतरतं आणि स्विंग करताना हेड नेमकं कुठे आहे तेच कळेनासं होतं. म्हणून काहीही उकलण्याआधी आहे तो क्लब मोजून ठेवा.

त्यासाठी स्विंगवेटचं यंत्र लागत नाही. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा, मेजर टेप आणि उभी धरलेली पट्टी पुरते. क्लबचं वजन करा. मग तो पट्टीच्या धारेवर आडवा तोलून पाहा, आणि ग्रिपच्या टोकापासून तोलाच्या जागेपर्यंतचं अंतर सेंटिमीटरमध्ये घ्या. त्यातून ३५.५६ वजा करा. हे १४ इंच झाले, यंत्राचा टेकू तिथेच असतो. उरेल त्याला ग्रॅममधल्या वजनाने गुणा. माझी सात नंबरची आयर्न ४३० ग्रॅमची, तोल ७१.३ वर. ३५.७४ गुणिले ४३० म्हणजे सुमारे १५,३७०, आणि स्विंगवेटच्या मापात हेच डी-० (त्याच्या एक अंक खाली सी-९). दर १२६ ला एक अंक वर किंवा खाली. तोल ३ मिलिमीटरने चुकला तरी एक अंक इकडचा तिकडे होतो, तेव्हा तीनदा मोजा. पुरुषांच्या क्लबमध्ये डी-० ते डी-२ आणि स्त्रियांच्या क्लबमध्ये सी-५ ते सी-७ हे नेहमीचे आकडे, पण तुमच्या हाताला सवय झालेला आकडाच तुमच्या कामाचा.

आता जुना शाफ्ट. ग्रिप उभी चिरून काढा, पण फेकू नका. शाफ्ट रबरी पकडीत घालून व्हाइसमध्ये आवळा, होझलवरचं (हेडच्या ज्या नळीत शाफ्ट बसतो ती) प्लॅस्टिकचं कडं, म्हणजे फेरूल, कापून टाका आणि हीट गन होझलभोवती फिरवत राहा. आतलं इपॉक्सी मऊ झालं की चामड्याचे हातमोजे घालून हेड पिळा. स्टीलवरून ते सहसा निमूटपणे सुटतं.

ग्रॅफाइट मात्र अजिबात पिळायचा नाही. उष्णतेने त्याची राळ ढिली होते आणि पिळलं की धागे सुटतात. मी पहिल्या वेळी हाच शहाणपणा केला. अर्धं टोक होझलमध्येच राहिलं आणि ते ड्रिलने कोरून काढण्यात अख्खी दुपार गेली. ग्रॅफाइट वाचवायचा असेल तर सरळ रेषेत ओढणारा शाफ्ट पुलर हवाच. आणि ड्रायव्हरवर पहिला प्रयोग करू नका.

नवा शाफ्ट जुन्याचं टोक व्हर्नियरने मोजूनच मागवा. आयर्नला ०.३७० इंच म्हणजे पॅरलल (टोक सारख्या जाडीचं), ०.३५५ म्हणजे टेपर (टोक निमुळतं). वुडला (ड्रायव्हरसारख्या मोठ्या हेडच्या क्लबला) बहुधा ०.३३५. पॅरलल शाफ्ट टोकाकडून उत्पादकाच्या तक्त्याप्रमाणे कापतात. टेपर शाफ्ट टोकाकडून कधीच कापत नाहीत, फक्त ग्रिपच्या बाजूने. ग्रॅफाइट कापताना मास्किंग टेप गुंडाळा, बारीक दात्यांचं ब्लेड वापरा आणि तोंडाला मास्क लावा.

इपॉक्सी लावण्याआधी सगळं कोरडंच जुळवा. जुनी चिरलेली ग्रिप टेपने बांधा, हेड बसवा आणि पुन्हा तोच हिशेब करा. नवी ग्रिप जुनीच्याच वजनाची नसेल तर तो फरक आत्ताच लक्षात घ्या. हेडमध्ये २ ग्रॅम वाढवले की साधारण एक अंक चढतो. ग्रिप ५ ग्रॅमने हलकी घेतली तरी तेवढाच. लांबी अर्धा इंच वाढवली तर तीन अंक. चार अंक भरून काढायचे तर पितळेचं ८ ग्रॅमचं वजन शाफ्टच्या टोकात आत्ताच बसवा. एकदा चिकटवलं की ही वाट बंद.

मग होझल तारेच्या गोल ब्रशने खरवडा आणि अ‍ॅसिटोनने पुसा. शाफ्टचं टोक होझलच्या खोलीइतकं ८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा. ग्रॅफाइटवर फक्त रंग निघेपर्यंत. फेरूल आधी चढवा (हे हमखास विसरतं). गोल्फ शाफ्टसाठीचं दोन भागांचं इपॉक्सी पाकिटावरच्या प्रमाणात कालवा, दोन्हीकडे लावा आणि शाफ्ट फिरवत तळापर्यंत दाबा. पाच मिनिटांत सुकणारं घरगुती इपॉक्सी नको. २४ तास हात लावायचा नाही. त्यानंतर दुहेरी टेप, थोडं टर्पेंटाइन, आणि ग्रिप एका दमात सरकवा.

उरलासुरला फरक हेडच्या मागे शिशाच्या टेपने भरा. टेपचा तुकडा काट्यावर तोलूनच लावा आणि नंतर हात धुवा. फेरीआधी लावलेली टेप नियमात बसते, पण फेरी चालू असताना ती लावून किंवा काढून वजन बदलता येत नाही. तेव्हा एकेक ग्रॅमचे प्रयोग सरावाच्या मैदानावरच उरकून घ्या.