उंदरांच्या रक्तातली हार्मोन्स मोजताना या चुका टाळा

एलायझा किटवर (अँटिबॉडी वापरून रंगावरून हार्मोन मोजणारी चाचणी) स्टँडर्ड कर्व्ह, म्हणजे माहीत असलेल्या प्रमाणांचा आलेख, सुरेख आलाय, तरी कंट्रोल गटातल्या, म्हणजे औषध न दिलेल्या, एका उंदराचं कॉर्टिकोस्टेरॉन (उंदराचं ताणाचं हार्मोन) दुसऱ्याच्या पाचपट दिसतंय? किटला दोष देण्याआधी रक्त कसं घेतलं ते आठवा. पिंजऱ्याला हात लागला की घड्याळ सुरू होतं. साधारण तीन मिनिटांत रक्त हाती आलं तर मूळ पातळी मिळते. पुढे आपण पकडण्याचा ताणच मोजत बसतो. एका पिंजऱ्यात चार उंदीर असतील तर पहिल्याला उचलतानाच उरलेले तिघं बिथरतात. म्हणून मी प्रत्येक नमुन्यापुढे पिंजरा उघडल्याची वेळ, रक्त मिळाल्याची वेळ आणि कितवा उंदीर, हे लिहितेच. सकाळी सगळे कंट्रोल आणि दुपारी सगळे औषधाचे, असं तर कधीच करू नका. उंदीर निशाचर आहे. दिवे मालवायची वेळ जवळ येते तसं त्याचं कॉर्टिकोस्टेरॉन चढत जातं. तुमच्या औषधाचा ‘परिणाम’ नुसता घड्याळाचा असू शकतो.

कॉर्टिसॉलचं, म्हणजे माणसातल्या ताणाच्या हार्मोनचं, किट उंदरासाठी मागवू नका. त्याच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीत कॉर्टिसॉल बनवायला लागणारं 17-हायड्रॉक्सिलेज एन्झाइम जवळपास नसतंच. आकडा येईल, पण तो बहुधा अँटिबॉडी दुसऱ्याच स्टेरॉइडला चिकटल्यामुळे.

सगळ्यात जास्त टाळली जाणारी आणि माझ्या मते सगळ्यात गरजेची पायरी म्हणजे डायल्युशनची तपासणी. एकच सीरम (रक्त गोठल्यावर वेगळा होणारा द्रव) 10 पट, 20 पट, 40 पट पातळ करा आणि आलेला आकडा त्या-त्या पटीनं गुणा. उत्तरं जवळपास सारखी यायला हवीत. समजा 80, 120, 190 अशी चढत गेली, तर सीरममधलं काहीतरी आड येतंय. स्टेरॉइड रक्तातल्या प्रथिनांना बांधलेलं असतं, चरबीही त्रास देते. मग किटमध्ये दिलेलं, स्टेरॉइड सोडवणारं द्रावण वापरा किंवा ईथरनं एक्स्ट्रॅक्शन करा. शिवाय सीरममध्ये माहीत असलेल्या प्रमाणात हार्मोन मिसळून पाहा. त्यातलं 80 ते 120 टक्के परत सापडलं तर ठीक.

किटच्या प्लेटवर (छोट्या खळग्यांची, म्हणजे वेल्सची, तबकडी) आधी कोणती अँटिबॉडी बसवली आहे, तेही वाचा. ती उंदराच्या अँटिबॉडीला पकडणारी असेल आणि नमुनाही उंदराचाच असेल, तर सीरममधल्या अँटिबॉडीज तिथल्या जागा अडवतात.

प्लेटवरच्या चुका त्या मानानं सोप्या. कडेच्या वेल्स गडद आल्या, तर बहुतेक वेळा प्लेट किंवा द्रावणं थंडच वापरलेली असतात. पेरॉक्सिडेज या एन्झाइमनं रंग आणणारं किट असेल तर बफरमध्ये सोडियम अ‍ॅझाइड नको, एन्झाइम मरतं. लालसर सीरम इन्शुलिनसाठी घेऊ नका. फुटलेल्या पेशींतून आलेलं एन्झाइम इन्शुलिन तोडत राहतं. आणि स्टेरॉइडच्या स्पर्धात्मक किटमध्ये, जिथे नमुन्यातलं हार्मोन आणि किटमधलं रंग देणारं हार्मोन एकाच अँटिबॉडीसाठी झगडतात, रंग जितका फिका तितकं हार्मोन जास्त, हे नवख्याला पहिल्याच दिवशी सांगा.

एस्ट्रॅडायॉल या इस्ट्रोजेन हार्मोनबद्दल मात्र मी ठाम आहे. उंदरात ते इतकं कमी असतं की थेट सीरम घालून एलायझानं आलेल्या आकड्यावर निष्कर्ष काढू नये. शक्य असेल तर नमुना मास स्पेक्ट्रोमेट्रीला (रेणूंच्या वस्तुमानावरून मोजणारी पद्धत) द्या. कर्व्हच्या खाली गेलेल्या नमुन्यापुढे ओढूनताणून काढलेला आकडा लिहू नका, ‘मोजता आलं नाही’ एवढंच लिहा.